पाहुणे की प्रेक्षक?

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली, की मध्यमवर्गीय घरांतून सहलीचे बेत आकार घेऊ लागतात. जबलपूर शहराच्या उत्तरेला, अधारतालच्या परिसरात वसलेले महाराजपूर याला अपवाद नाही. कोणाची आवर्ती ठेव मुदतपूर्तीला आलेली असते, कोणाच्या ‘एलएफसी’ची मुदत संपत आलेली असते, तर कोणी नुकतेच सेवानिवृत्त होऊन मोकळे झालेले असतात. संध्याकाळी कोणाच्या तरी घरी चार कुटुंबे जमतात, चहा होतो आणि समोर माहितीपत्रके पसरली जातात. निळाशार समुद्रकिनारा, दाट अरण्यातील वन्यजीव आणि आदिवासी संस्कृतीचे दर्शन, ही तीन आकर्षणे अशा पत्रकांत बहुधा एकाच ओळीत गुंफलेली असतात. वाचणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. वास्तविक त्या ओळीतला तिसरा घटक पहिल्या दोहोंच्या पंक्तीत बसणारा नाही. समुद्र पाहावा, वाघही दिसल्यास पाहावा. माणसाला मात्र भेटावे लागते, आणि भेटीसाठी दोघांची इच्छा असावी लागते.

सामूहिक सहलीची टिंगल करण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. ती न्याय्य नाही. मराठी मध्यमवर्गाला घराबाहेर काढण्याचे मोठे श्रेय या सहलींकडे जाते. एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, साठी उलटलेली जोडपी, परभाषेत बोलायला संकोचणारी माणसे गटाच्या आधारानेच काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोहोचली. वेळेवर जेवण, स्वच्छ निवास, औषधपाण्याची सोय या अपेक्षांत गैर असे काही नाही. परंतु गटाचे बळ जसे प्रवाशाला धीर देते, तसेच ते यजमानावर दडपणही आणू शकते. चाळीस माणसे एकदम एखाद्या पाड्यात उतरली, तर त्या पाड्याला ‘नको’ म्हणण्याची मुभा उरते काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

अंदमानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीचे दर्शन घेण्याच्या ओढीने मराठी माणूस तेथे आवर्जून जातो. सेल्युलर जेल पाहून झाल्यावर प्रवाळांची बेटे आणि मग बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा असा क्रम ठरलेला असतो. बाराटांगला नेणारा अंदमान ट्रंक रोड जारवा जमातीच्या राखीव अरण्यातून जातो. या जमातीची लोकसंख्या सुमारे चारशे. 1997 नंतर जारवांनी बाहेरच्या जगाशी असलेले वैर हळूहळू सोडले, आणि 1999 मध्येच त्यांच्यात गोवराची साथ पसरली. शेकडो पिढ्या ज्या रोगाशी गाठ पडली नव्हती, तो रोग ओळखीपाठोपाठ दाराशी आला. पुढे 2012 मध्ये जारवा स्त्रियांना खाद्यपदार्थांच्या मोबदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. देशाची मान खाली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. त्या वाटेवर गाडी थांबवणे, छायाचित्रे घेणे, काही देऊ करणे या सर्वांना मनाई आहे. तरीही ‘जारवा दिसले का?’ हा प्रश्न परतलेल्या प्रवाशाला विचारला जातोच. जणू त्यांचे दिसणे तिकिटाच्या किमतीतच धरलेले होते! येथे सुसंस्कृत प्रवाशाचे कर्तव्य एकच आहे : भेटण्याचा हट्ट न धरणे. गुहा पाहायच्याच असतील, तर समुद्रमार्गाचा पर्याय आग्रहाने मागणे.

मात्र याचा अर्थ आदिवासींपासून चार हात दूर राहावे, असा सरसकट काढणेही चुकीचे ठरेल. त्यासाठी महाराजपूरच्या मंडळींना समुद्र ओलांडायची गरज नाही. सकाळी बस काढून मंडल्याच्या रस्त्याला लागले, की बरेला परिसरातच नर्रई नाल्याजवळ राणी दुर्गावतीची समाधी लागते. मोगल सरदार आसफखानाच्या सैन्याशी लढताना 24 जून 1564 रोजी या गोंड राणीने तेथे प्राण ठेवले. महाराजपूरकर ज्या अधारतालच्या शेजारी राहतात, तो तलाव तिचाच दिवाण अधारसिंह याच्या नावाने ओळखला जातो. 1857 मध्ये जबलपुरातच राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले, तेही गोंडच. म्हणजे ज्यांना पाहायला बस निघाली, त्यांच्याच राज्याच्या खुणांवर बसमधल्यांची घरे उभी आहेत. शंभरेक किलोमीटरवर मंडला येते, आणि तेथे नर्मदा व बंजर यांच्या संगमावर पुन्हा एक महाराजपूर भेटते. तेथून पुढे कान्हा.

कान्ह्याची कथा दोन्ही बाजूंनी ऐकावी अशी आहे. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या अरण्याने बाराशिंगा वाचवला. 1970 मध्ये कठीण भूमीवरील बाराशिंग्यांची संख्या केवळ 66 उरली होती. पुढे ती हजाराच्या घरात गेली. हे यश निर्विवाद आहे. परंतु पहाटेच्या धुक्यात ज्या विस्तीर्ण कुरणांवर बाराशिंगे चरताना पाहून प्रवासी हरखून जातात, त्यांतील कित्येक कुरणे ही एकेकाळची गावे व शेते आहेत. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून बैगा आणि गोंडांची वस्ती टप्प्याटप्प्याने तेथून हलवण्यात आली. वाघाला आणि बाराशिंग्याला जागा मिळाली. ती कोणी तरी सोडली म्हणून मिळाली. जीपमधील वाटाड्या बहुधा आसपासच्याच गावचा असतो. त्याला ‘वाघ कोठे दिसेल?’ याच्या जोडीने ‘तुमचे गाव पूर्वी कोठे होते?’ एवढे विचारले, तरी त्या कुरणाकडे पाहण्याची दृष्टी पालटून जाईल.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या हिरवळीवर शेकोटी पेटते आणि करमा किंवा सैला नृत्याचा कार्यक्रम होतो. टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात, आणि मंडळी जेवायला वळतात. करमा हे बैगा-गोंडांच्या जगण्यातले, ऋतूचक्राशी बांधलेले नृत्य आहे; त्याला सूप आणि जेवण यांमधली वीस मिनिटे नेमून देणे यात काहीतरी चुकते. नाचणाऱ्यांना मोबदला नको असतो, असे मुळीच नाही. मेहनतीचा पैसा त्यांना हवाच आहे, आणि त्यात कमीपणाही नाही. प्रश्न इतकाच, की तो मोबदला कोणी ठरवला, कोणाच्या हाती पडला आणि नृत्य कोणते, कितीसे दाखवायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहिला.

या प्रश्नाचे उत्तर जगात काही ठिकाणी शोधले गेले आहे. ‘गोंडवन’ हा शब्द भूगर्भशास्त्राने याच गोंडांच्या भूमीवरून उचलला आणि भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ज्या प्राचीन महाखंडात एकत्र होते, त्याला दिला. त्या जुन्या शेजाऱ्याकडे, ऑस्ट्रेलियात, मुलांच्या भेटीला जाणारे मराठी आईवडील आता पुष्कळ आहेत. क्वीन्सलँडच्या उष्ण किनाऱ्यावर, ग्रेट बॅरियर रीफच्या काठाशी डेंट्रीचे वर्षावन आहे. 2021 मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकू यलंजी या मूलनिवासी समाजाला परत देण्यात आली. जवळच्या मॉसमन गॉर्ज येथे त्याच समाजातील वाटाडे प्रवाशांना अरण्यात नेतात. आरंभी धुराने पाहुण्यांचे स्वागत व शुद्धी करतात. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू या पवित्र खडकावर चढण्यास 2019 पासून मनाई झाली, कारण ज्यांची ती भूमी आहे त्या अनंगू लोकांची तशी इच्छा होती. पर्यटन त्यामुळे बुडाले नाही. पाहुण्याला ‘येथवर या, येथून पुढे नको’ असे सांगणारा यजमान असला, म्हणजे भेटीची प्रतिष्ठा वाढतेच.

परदेशाचा दाखला पुरेसा वाटत नसेल, तर कोकणात यावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षणाचे काम आरंभले आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे झेपावताना पाहण्यासाठी येणारे प्रवासी गावातल्या घरांतच उतरतात, पंगतीला जे वाढले जाईल ते जेवतात आणि पैसे थेट त्या घरात जातात. पिल्ले एखाद्या दिवशी निघालीच नाहीत, तरी कोणी परतावा मागत नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस यजमानाच्या अडचणी समजून घेतो. प्रेक्षक म्हणून आलेला तिकिटाचा हिशेब मांडतो.

मध्य प्रदेशातही या दिशेने पावले पडत आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातील साबरवानीसारख्या गावांत आदिवासी कुटुंबांनी प्रवाशांसाठी घरे उघडली आहेत. यावर आक्षेप अनेक घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. चाळीसजणांचा गट एका पाड्यात मावत नाही. गुडघे धरलेल्यांना सोयीचे स्वच्छतागृह लागते. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पावसाळ्यात 1 जुलैपासून तीन महिने बंद असल्याने उत्पन्न हंगामी राहते. परंतु हे सारे प्रश्न आयोजनाचे आहेत. गट दोन-तीन तुकड्यांत विभागता येतो. ज्यांना शक्य नाही त्यांनी विश्रामगृहात उतरून दुपारचे जेवण तरी गावात घ्यावे. कोदो-कुटकीचा भात, रानभाजी, मोहाची फुले यांची चव घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही. दुसऱ्या टोकाचा एक आक्षेपही ध्यानात घ्यायला हवा. आदिवासींनी आहे तसेच राहावे, मोबाइल वापरू नये, पँट घालू नये, अशी अपेक्षा शहरी प्रवासी नकळत बाळगतो. गोंदणाने अंग भरलेली आजी आणि संगणक शिकणारी नात ही एकाच घरातली माणसे आहेत. दोघींचीही संस्कृती तेवढीच खरी.

भेट कशी असावी, याचा एक आदर्श मराठी माणसानेच याच मुलुखात घालून दिला आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विन यांची गाठ पडलेले शामराव हिवाळे 1932 मध्ये त्यांच्याबरोबर तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजियाला आले. एल्विन पुढे ईशान्य भारतात गेले. शामराव मात्र नर्मदाखोऱ्यातच राहिले. गोंडांचे गायक-कथेकरी असलेल्या परधान समाजावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पाटनगढशी या दोघांचे नाव जोडले गेले, त्याच गावात जन्मलेल्या जनगढसिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनच्या आधारे घराच्या भिंतीवरची चित्रकला जगापुढे नेली. तेथलेच भज्जू श्याम यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. लंडनला जाऊन आल्यावर त्यांनी ‘द लंडन जंगल बुक’ या चित्रपुस्तकात त्या महानगराचे आपल्या नजरेने चित्र काढले. एरवी ज्यांच्याकडे पाहिले जाते, त्यांनी तेथे पाहिले. आणि पाहणे दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे सिद्ध केले.

म्हणून महाराजपूरच्या, किंबहुना कोणत्याही गावच्या मंडळींनी सहल ठरवताना आयोजकाला काही प्रश्न रोखठोक विचारावेत. वस्तीत जाण्यास तेथील लोकांची संमती आहे काय? गाइड, स्वयंपाक आणि निवास यांतील किती पैसा गावात राहणार? कलावंतांचे मानधन कोण ठरवते? छायाचित्रे विचारून काढावीत, चित्र घेताना चित्रकाराचे नाव विचारून घ्यावे, आणि रक्कम मध्यस्थाऐवजी शक्यतो त्याच्याच खात्यात जमा करावी. खेड्यापाड्यांत पोहोचलेली बचत खाती आणि मोबाइलवरून होणारे व्यवहार यांमुळे हे आता कठीण राहिलेले नाही. ग्राहक प्रश्न विचारू लागला, की आयोजक उत्तरे तयार ठेवू लागतो, हा कोणत्याही व्यवसायाचा नियम आहे.

दिंडोरी जिल्ह्यातील सिलपिडी या गावी लहरीबाई या बैगा तरुणीने दीडशेहून अधिक प्रकारच्या भरडधान्यांचे बियाणे आपल्या घरात जपले आहे. 2023 या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात तिच्या कामाची देशाने दखल घेतली. पेरणीला शेतकऱ्याला बियाणे द्यायचे आणि पीक हाती आल्यावर त्यातला वाटा परत घेऊन पुन्हा कणगीत ठेवायचा, अशी तिची पद्धत. बँकेच्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. जेथून घेतले तेथे काही अधिक घालून परत करावे, यावरच ती बीजबँक उभी आहे. सहलीला जाणारा माणूसही एका गावाकडून दोन दिवसांचे आतिथ्य, गाणी आणि आठवणी उचलतो. परतीच्या बसमध्ये बसण्यापूर्वी त्याने आपल्या नावावरची बाकी एकदा तपासून पाहावी.