शेजाऱ्याच्या दारावरची पाटी

एकाच सर्व्हरवर अनेकांचे डेटाबेस नांदत असता तेथील सामान्य खातेदारास इतरांविषयी किती दिसावे, हा प्रश्न वरवर निव्वळ तांत्रिक वाटतो. हिशेब-लेखनाची सेवा देणाऱ्या एखाद्या संस्थेने प्रत्येक ग्राहकास त्याच्याच नावाचे खाते दिले, की त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

पोस्टग्रेस ही जगभर वापरात असलेली विनामूल्य प्रणाली घ्या. तीत दुसऱ्याच्या पासवर्डाच्या जागी आठ तारका दिसतात. दुसऱ्याने सर्व्हरला काय विचारले, तोही मजकूर झाकलेला असतो. मात्र सर्व्हरवर कोणाकोणाची खाती आहेत आणि कोणत्या नावांचे डेटाबेस आहेत, ही यादी आत आलेल्या कोणासही वाचता येते. म्हणजे एका ग्राहकाच्या हाती संस्थेची सारी ग्राहक-यादी आयतीच पडते! प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यास याहून अधिक काय हवे? मायएसक्यूएलमध्ये, उलटपक्षी, विशेष अधिकार नसलेल्यास ज्या डेटाबेसवर काही हक्क आहे, त्याचेच नाव दिसते.

हा मोकळेपणा जुन्या वळणाचा आहे. युनिक्समध्ये एके काळी खातेदारांची नावेच काय, सांकेतिक रूपातले पासवर्डही सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलीत असत. पुढे पासवर्ड तेवढे वेगळ्या, बंद फाइलीत गेले. नावे उघडीच राहिली, कारण फाइलीचा मालक कोण हे दाखवावयास ती लागतात. एका विद्यापीठातील सहकाऱ्यांपुरते हे ठीक होते. परस्परांस अनोळखी भाडेकरूंना तोच नियम लावणे गैर आहे.

यादी वाचण्याचा हक्क काढून घ्यावा, तर नित्याची साधने अडतात. प्रत्येकास स्वतंत्र सर्व्हर द्यावा, तर खर्च वाढतो. आणि स्वस्त जागा घेणाऱ्यास आपण कशाच्या बदल्यात ही सवलत घेतली, हे कोणी सांगत नाही. सर्वत्र अंधार करणे हाही उपाय नव्हे. काम अडले असता कोणी अडवले, हे कोणास तरी दिसलेच पाहिजे. पोस्टग्रेसने 2017 साली दहाव्या आवृत्तीत देखरेखीचा वेगळा अधिकार निर्माण केला. सर्वाधिकार न देताही देखरेख करणाऱ्यास सर्वांचे चालू काम पाहता येते. नावांच्या यादीलाही हाच न्याय लागू व्हावयास हवा. तोवर संस्थांनी खात्यांना व डेटाबेसांना ग्राहकाच्या नावाऐवजी अर्थहीन क्रमांक द्यावेत. नवी खाती उघडताना यास एक पैसाही खर्च येत नाही.