पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी आणि अपघातानंतरचा पहिला तास

धानाची मळणी आटोपली, चुकारे हातात आले की आमच्या लाखांदूर भागातील कुटुंबे फिरायला निघतात. कुणी नवेगावबांध-नागझिऱ्याला, कुणी महाशिवरात्रीला मार्कंडा किंवा प्रतापगडला. वडशाकडे झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात, तीही सहकुटुंब पाहिली जातात. घरची गाडी नसेल तर गावातल्याच कुणाची तरी ठरते. डिझेल आणि वर थोडे पैसे, एवढाच करार. शिदोरी बांधली जाते, पाण्याची कॅन चढते. गाडीचा विमा मात्र कुणी विचारत नाही.

सरकारी रुग्णालयात अपघाताचा रुग्ण आला की नातेवाईक आधी विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, वाचेल ना?’ नागपूरला हलवावे लागेल म्हटले की दुसरा प्रश्न येतो, ‘खर्च किती?’ पहिल्याचे उत्तर बरेचसे पहिल्या तासावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर निघण्यापूर्वी पाहिलेल्या कागदांवर.

या दुसऱ्या प्रश्नावर केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये महत्त्वाचे पाऊल टाकले. रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार देणारी योजना अधिसूचित झाली. पैशांची जुळवाजुळव करण्यात पहिला तास जाऊ नये, हा तिचा हेतू. मात्र अपघाताची पोलिसांत नोंद व्हावी लागते. ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचा उपचार सात दिवसांत संपत नाही. पुढचा भार विम्यावर येतो, नाहीतर शेतीवर.

इथेच पांढऱ्या नंबरप्लेटचा प्रश्न येतो. खासगी म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने चालवणे हा परवान्याचा आणि विम्याच्या अटींचा भंग ठरतो. अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. गाडी घरचीच असली तरी निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत आत बसलेल्या पाहुण्यांना सहसा संरक्षण मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. भाड्याची गाडी पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्यावी. दोन-चार हजार जास्त जातील, पण प्रसंग आला तर दावा उभा राहील. शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसे भरून जत्रेला नेणे तर सर्वांत धोक्याचे. तिथे ना पट्टा असतो, ना विम्याची खात्री.

पट्ट्याबद्दलही बोलायला हवे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. दोघेही मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. पुढचे दोघे वाचले. त्या वर्षी देशात पट्टा न लावलेले १६,७१५ जण दगावले, त्यांपैकी ८,३३१ चालक नव्हे तर प्रवासी होते. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, दंड हजार रुपये. मांडीवर बाळ घेऊन पुढे बसणाऱ्या आयांना मी एक हिशेब सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आठ किलोचे बाळ धरून ठेवायला सुमारे दीडशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तेवढा जोर कोणत्याही आईच्या हातात नसतो.

चालकाचीही तपासणी करा. नाटक संपवून पहाटे परतताना शरीराला झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. चहाने ते फसत नाही. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी गुंगी येते. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी स्टेअरिंग धरू नये. आणि ‘पोराचा हात बसलाय’ म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाला गाडी देऊ नका. त्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

लाखांदूरहून नागपूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. म्हणून आपल्याकडे पहिला तास रस्त्यावरच सुरू होतो आणि बहुधा रस्त्यावरच संपतो. अपघात दिसला तर १०८ वर फोन करा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. श्वास चालतो का पाहा. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे; नाव सांगण्याचीही सक्ती नाही. ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून पुढे निघून जायला आता कारण उरलेले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे काढा. परवाना, नोंदणी, विमा, पीयूसी यांच्या तारखा पाहा. डिजिलॉकरमधील प्रती चालतात, पण जंगलपट्ट्यात नेटवर्क जाते, म्हणून छापील प्रतीही ठेवा. प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून गाडीत ठेवा. बेशुद्ध रुग्णाजवळ अशी चिठ्ठी सापडली की आमची मोलाची मिनिटे वाचतात.