जनावरांच्या घरांचीही नोंद हवी

सवाई माधवरावांच्या शिकारखान्यात १७९० साली एक गेंडा होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं आणि ते आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा असा कायम राहिला. त्याला ठेवलं होतं ती जागा मात्र गेली. हा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी, म्हणजे आमच्या बिबवेवाडीपासून जवळच होता.

त्याच सुमारास, १७८७ मध्ये, इंग्लंडमधल्या गुडवुड इस्टेटीवर ड्यूक ऑफ रिचमंड यांनी शिकारी कुत्र्यांसाठी घर बांधलं. आराखडा जेम्स वायट या नामांकित वास्तुविशारदाचा. थंडीत कुत्र्यांना ऊब मिळावी म्हणून इमारत गरम ठेवण्याची सोय त्याने केली. मालकाच्या हवेलीला ती सोय शंभरेक वर्षांनी मिळाली, असं तिथे सांगतात. कुत्री गेली, पण इमारत जपली. आज तिथे क्लब आहे.

आपल्याकडे ही जाण नव्हती असं मुळीच नाही. चांगला गोठा नीट पाहावा. फरशीला मोरीकडे बेताचा उतार, कारण गोमूत्र साचलं की खूर सडतात. गव्हाणीची कड गोल घडवलेली, गाईचा गळा घासू नये म्हणून. झरोका उंचावर, म्हणजे उकाडा बाहेर जातो आणि गार वारा थेट अंगावर येत नाही. पागेत घोड्याची आगाडी-पिछाडी बांधूनही त्याला आरामात बसता येईल एवढी जागा. हे सगळं जनावराची सवय ओळखून केलेलं बांधकाम आहे.

पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागी पुढे मुलींची शाळा आली, याचा अभिमानच आहे. जागांचा वापर बदलणारच. पण वाडा पाडायची वेळ आली की कोरीव खांबांचे, महिरपींचे फोटो काढले जातात आणि मागचा गोठा कुणी न मोजताच जमीनदोस्त होतो.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पुण्यात आणि आसपासच्या गावठाणांत उरलेले गोठे, पागा मोजून त्यांचे नकाशे करावेत. त्यांचा उपयोग आजही आहे. सोसायटीतल्या कुत्र्यांसाठी आपण पत्र्याचा खोका ठेवतो. तो उन्हात तापतो, पावसात त्यात पाणी शिरतं आणि कुत्रं तिथे फिरकत नाही. जोत्याची उंची, उतार, झरोका या साध्या गोष्टी जुन्या गवंड्यांना ठाऊक होत्या. त्या शिकून घेतल्या, तर मुक्या जिवाला खरा निवारा देता येईल.