पावणेचौदा वर्षांचा साक्षीदार

विनोदी लेखन म्हणजे हलके लेखन आणि कुमारांसाठी केलेले लेखन म्हणजे त्याहूनही हलके, असा एक समज आपल्या साहित्यविचारात घट्ट रुजलेला आहे. शोकांतिकेवर आपण निबंध लिहितो; विनोदाच्या वाट्याला फार तर एखादी टीप येते. हा समज किती पोकळ आहे हे पाहायचे असेल, तर सू टाउनसेंड या इंग्रज लेखिकेची वाटचाल पाहावी, असे मला वाटते.

टाउनसेंडबाईंचा जन्म १९४६ साली लेस्टर शहरात झाला. वडील पोस्टमन. आठ वर्षांच्या होईपर्यंत बाईंना वाचता येत नव्हते. अकराव्या वर्षी मुलांची पुढची शाळा ठरविणारी जी परीक्षा इंग्लंडात असे, तीत त्या नापास झाल्या. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कारखाना, दुकान, पेट्रोल पंप अशी मिळेल ती नोकरी. अठराव्या वर्षी लग्न, पाठोपाठ तीन मुले आणि नंतर घटस्फोट. रिकाम्या बाटल्या दुकानात परत करून आलेल्या पैशांत मुलांच्या जेवणाची सोय करावी लागल्याची आठवण त्यांनी स्वतःच १९८९ मध्ये लिहून ठेवली आहे.

या सगळ्या काळात त्या लिहीत होत्या, पण चोरून. मुले झोपल्यावर लिहायचे आणि लपवून ठेवायचे, असे सुमारे वीस वर्षे चालले. लेखन हे शिकलेल्यांचे काम, आपल्यासारख्यांचे नव्हे, ही भीती त्यामागे असावी. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढते आहे, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. मलाही लागली नाही.

१९८२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे एड्रियन मोल या मुलाच्या गुप्त रोजनिशीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एड्रियनचे वय पावणेचौदा. चेहऱ्यावर मुरमे, मनात प्रेम, आणि आपण मोठे विचारवंत आहोत अशी पक्की खात्री. हा मुलगा गळक्या नळावर कविता करतो आणि ती बी.बी.सी.कडे पाठवितो. (आपल्यातल्या काही कवींनी येथे रागावू नये.) पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपणाऱ्या कादंबरीकारांत बाईंची गणना झाली.

पण खपाचे सोडा. या विनोदाची घडण पाहा. एड्रियन जे पाहतो ते प्रामाणिकपणे टिपतो, पण त्याचा अर्थ त्याला कळत नाही. तो वाचकाला कळतो. शेजारचा गृहस्थ आईला वारंवार मदत करायला येतो, हे तो भोळेपणाने लिहितो. आई घर सोडून जाणार, हे आपण त्याच्याआधी ओळखतो. वडिलांची नोकरी जाते. ब्रिटनमधील बेकारांची संख्या १९८२ मध्ये तीस लाखांच्या वर गेली होती. तो आकडा येथे एका घरातल्या उदास बापाच्या रूपाने दिसतो. फॉकलंडचे युद्ध सुरू होते, तेव्हा एड्रियनला ती बेटे नकाशावर सापडत नाहीत, कारण त्यांच्यावर केकचा कण पडलेला असतो. देशाच्या युद्धज्वरावर याहून नेमके भाष्य कोणते?

विनोद दुःखाची धार बोथट करतो, वाचक हसतो आणि विसरतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात थोडे तथ्य आहे. सुखवस्तू वाचकही एड्रियनवर हसलेच आणि त्यातल्या बहुतेकांना बाटल्या विकून मुलांना जेवू घालावे लागले नव्हते. परंतु गरिबीचे रडगाणे ऐकून तो वाचक दुसऱ्या पानावरच निघून गेला असता. हसण्यामुळे तो शेवटपर्यंत थांबला. शिवाय ज्याच्यावर बेतते त्याने स्वतः हसणे आणि दुसऱ्याने त्याला हसणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

हा मुलगा आठ पुस्तके वाढत राहिला. २००४ च्या पुस्तकात त्याचाच मुलगा सैनिक म्हणून इराकमध्ये आहे आणि पंतप्रधानांवर विश्वास ठेवणाऱ्या बापाला आपल्या भाबडेपणाची किंमत कळू लागते. २००९ च्या पुस्तकात त्याला कर्करोग होतो. मधुमेहाने २००१ मध्ये टाउनसेंडबाईंची दृष्टी गेली, तरी पुढची पुस्तके त्यांनी तोंडी सांगून लिहून घेतली. १० एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वार्षिकांकात चांदणे, वेदना आणि मृत्यू यांवर दरवर्षी भरपूर मजकूर येतो. रेशनच्या रांगेवर, मेसच्या आमटीवर, फीच्या शेवटच्या तारखेवर मात्र कोणी लिहीत नाही. ते 'साहित्य' नाही असे वाटते म्हणून. मित्रमैत्रिणींनो, असे लेखन वहीत लपलेले असेल तर ते बाहेर काढा. आणि प्राध्यापकवर्गास विनंती अशी, की एखाद्या वर्षी विनोदालाही टीपेऐवजी पूर्ण गुणांचा प्रश्न मिळू द्यावा.

— द्वितीय वर्ष, कला