आकाशाची ओळख आणि आपली सबब

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : "चिंचवडांत तारे दिसतातच कोठें? मुलांस नक्षत्रें शिकवावयाचीं तर भीमाशंकराकडे जावें, नाहीं तर चांगली दुर्बीण घ्यावी." हें वाक्य वरवर समंजस वाटतें, परंतु ती निव्वळ सबब आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांचे, गुदामांचे व रस्त्यांचे दिवे आकाश उजळून टाकतात, आणि आकाशगंगा येथून लोपली आहे, हें खरें. पण दिव्यांनीं नेले ते मंद तारे. व्याध, रोहिणी, स्वाती, चित्रा, तसेच शुक्र, गुरु व शनि आपापल्या काळीं गच्चीवरून अद्याप दिसतात. किंबहुना नवशिक्यास हें सोयीचेंच आहे. ताऱ्यांच्या गर्दींत उडणारा गोंधळ येथें उडत नाहीं. माघांत रात्रीं नवाच्या सुमारास डोक्यापासून किंचित् दक्षिणेस एका ओळींत तीन तारे दिसतात. तो मृगांतील बाण. ती ओळ आग्नेयेस वाढविली कीं व्याध, वायव्येस वाढविली कीं तांबूस रोहिणी, आणि तिच्या पुढें कृत्तिकांचा पुंजका. वैशाखांत सप्तर्षींच्या शेपटाचा बाक पुढें नेला कीं स्वाती, आणखी पुढें चित्रा. यास दुर्बीण लागत नाहीं; उलट दुर्बिणींतून आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो कीं, अख्खें नक्षत्र तींत मावतच नाहीं.

मार्गदर्शक तर घरच्या भिंतीवरच टांगलेला आहे. दिनदर्शिकेंत रोजचें नक्षत्र छापतात, तें त्या दिवशीं चंद्र जेथें असतो तें. चंद्र रोज सुमारें १३ अंश पूर्वेस सरकतो आणि सत्तावीस दिवसांत आकाशांतील सारी वाट दाखवितो. ग्रहही याच वाटेच्या आसपास असतात. ते ताऱ्यांसारखे लुकलुकत नाहींत, आणि कांहीं आठवडे पाहिल्यास ताऱ्यांमधून त्यांनीं जागा बदललेली दिसते.

पण तें नक्षत्र आपण वाचतों कशासाठीं? मुहूर्तासाठीं आणि पत्रिका जुळविण्यासाठीं! साडेसातीस भिणाऱ्या पदवीधरांपैकीं शनि बोटानें दाखवितील असे किती निघतील? शनीस सूर्याभोंवतीं फिरण्यास सुमारें २९॥ वर्षें लागतात. म्हणून तो एका राशींत सरासरी अडीच वर्षें राहतो, आणि तीन राशींचीं साडेसात होतात. गुरु सुमारें १२ वर्षांनीं सिंहेस परततो. म्हणून चाकणवरून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकास, नाशिकास, बारा वर्षांनीं सिंहस्थ भरतो. ज्या गतींवर आपलीं भयें व पर्वें उभीं, त्या एकदांही डोळ्यांनीं पडताळूं नयेत, हें शिक्षितास शोभत नाहीं.

साधनांचा दुष्काळ म्हणावा तर तोही नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं एकोणिसाव्या शतकांतच 'ज्योतिर्विलास' सामान्य वाचकांसाठीं लिहिला. पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आणि खुद्द चिंचवडांत सायन्स पार्क आहे. दुष्काळ आहे तो मान वर करण्याच्या इच्छेचा.

दिव्यांविरुद्ध तक्रार जरूर करावी. दिव्यावर झांकण बसवून उजेड खालीं वळवितां येतो, आणि त्यानें वीजही वांचते. परंतु ज्यास व्याध ठाऊक नाहीं, त्यास आकाश गेल्याचें दुःख कसें व्हावें? प्रथम मुलांस घेऊन गच्चीवर जावें. महानगरपालिकेकडे अर्ज त्यानंतर करावा. मग अर्जदारास आपलें काय हरवलें आहे, हें तरी सांगतां येईल.