मनाईचा फलक

२०२५ साली स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आला आणि तीन दिवसांची सुट्टी जुळून आली. भुवनेश्वरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना अशा वेळी हटकून गुहागर, वेळणेश्वर आठवते. तेथे जाणे तीन दिवसांत होण्यासारखे नसल्याने मग जवळचा कोणता तरी समुद्र गाठला जातो. आम्हीही गाठला. गावाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर लेख त्या एका गावाविषयी आहे असे वाटेल, आणि तो तसा नाही.

वाळूत उतरण्याच्या पायऱ्यांपाशी पत्र्याचा फलक होता: समुद्रस्नानास सक्त मनाई, फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १४४ अन्वये आदेश. खाली २०१९ मधील तारीख. फलकाच्या खांबाला कोणी तरी ओले टॉवेल वाळत घातले होते आणि पलीकडे चारपाचशे माणसे पाण्यात होती. जीवरक्षकासाठी उभारलेला बांबूचा मचाण होता, परंतु त्यावर कोणी नव्हते; त्याच्या सावलीत मक्याची कणसे भाजली जात होती. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने फलक मोठ्याने वाचला आणि विचारले, "बाबा, मनाई आहे तर मग एवढे लोक आत कसे?"

प्रश्न तिने योग्य माणसाला विचारला होता, कारण असा आदेश मी स्वतः काढलेला आहे.

उपविभागीय दंडाधिकारी असताना माझ्या हद्दीतील किनाऱ्यावर एका रविवारी दोन महाविद्यालयीन मुले बुडाली. सोमवारी सकाळी वरून दूरध्वनी आला: काय कार्यवाही केली? दुपारपर्यंत एका पानाचा मनाई आदेश निघाला, संध्याकाळी त्याचे प्रसिद्धिपत्रक. कार्यवाही झाली! सोबत चार जीवरक्षक नेमण्याचा प्रस्तावही मी पाठवला होता. पर्यटन विभागाने कळवले की वाळूची जमीन महसूल विभागाची आहे. महसूल विभागाने नगरपालिकेकडे बोट दाखवले. नगरपालिकेकडे त्यासाठी लेखाशीर्षच नव्हते. माझी बदली झाली तेव्हा ती फाईल स्पष्टीकरणासाठी तिसऱ्यांदा परत आलेली होती.

वाचकहो, कलम १४४ खालचा आदेश मुळात दोन महिन्यांपुरता असतो. राज्य शासनाने ठरवले तर आणखी सहा महिने. म्हणजे २०१९ चा तो आदेश पुढच्याच वर्षी संपलेला होता. १ जुलै २०२४ पासून तर ती संहिताच उरली नाही. तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १४४ चे १६३ झाले. दोन महिन्यांची मर्यादा तशीच राहिली. आदेश जिवंत असता तरी काय झाले असते? भंगाबद्दल खटला चालवायचा तर संबंधित अधिकाऱ्याने न्यायालयात लेखी तक्रार द्यावी लागते. सुट्टीच्या दिवशी चारपाचशे तक्रारी लिहिणारा अधिकारी मी अद्याप पाहिलेला नाही. कायमच्या भौगोलिक धोक्यावर तात्पुरत्या आणीबाणीचे कलम वापरण्याचे कारण एकच: पुढच्या चौकशीत दाखवायला कागद लागतो. हा आदेश पोहणाऱ्याचे रक्षण करत नाही, सही करणाऱ्याचे करतो.

यावर सहकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: लोकच बेशिस्त, दारू पिऊन उतरतात, त्यांना कोण आवरणार? काही जण तसे असतातही. पण समुद्र मुख्यतः अज्ञानाचा फायदा घेतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना वाळूच्या दांड्यातील खोलगट फट शोधते आणि तिच्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. आई लहान मुलाला नेऊन उभे करते ते तेथेच. ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याच्या दिशेने झगडतो, दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत राहिला तर बहुधा सुटतो. हे "सक्त मनाई" या दोन शब्दांत कोठे येते? फटीची जागाही बदलत राहते. ती रोज पाहणारा माणूसच लागतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात पाच तरुण डॉक्टर गेले, आणि त्या वेळी तर उसळणाऱ्या लाटांचा इशारा हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने आधीच दिलेला होता. विज्ञानाने आपले काम केले होते.

हे अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. गोव्यात २००८ पासून सरकारी खर्चाने जीवरक्षक उभे आहेत. पुरीला तर शासनाच्या आधीपासून नुलिया कोळी यात्रेकरूंचा हात धरून त्यांना लाटांत नेत आले आहेत. ओडिशा शासनाने बुडून होणारा मृत्यू ही राज्याची विशेष आपत्ती मानली आहे आणि मृताच्या वारसांना चार लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. परंतु मृत्यूनंतरच्या मदतीला लेखाशीर्ष आहे आणि मचाणावरच्या माणसाच्या पगाराला नाही, ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांत मीही मोडतो, म्हणूनच हे लिहितो आहे. त्याच शासनाच्या पर्यटन जाहिरातीत लाटांकडे धावणारे मूल असते! एक विभाग बोलावतो, दुसरा मनाई करतो आणि तिसरा नुकसानभरपाई देतो.

असो. मुलीला काय सांगितले? खरे ते सांगितले, की हा फलक खोटा आहे पण धोका खरा आहे. पत्नी म्हणाली, "मग एखाद्या माहीतगाराला विचारू या." जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याला विचारले. त्याने पाण्याकडे मिनिटभर पाहिले, डावीकडचा शांत दिसणारा पट्टा दाखवून मान हलवली आणि उजवीकडे, जेथे लाटा फुटत होत्या तेथे, आम्हाला गुडघाभर पाण्यात नेले. तासभर तो मुलीचा हात धरून उभा होता. शंभर रुपये घेतले.