नितळ पाण्यातील विष

पाणी नितळ, चवीलाही बरे; म्हणूनच त्यातील फ्लोराईडचा संशय कुणाला येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली मुले दिसतात. दात घासत नाहीत, असा ठपका त्यांच्यावर सहज ठेवला जातो. वस्तुतः दोष हातपंपाचा असतो.

लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराईड ही भारतीय मानकाची मर्यादा. पर्यायी स्रोत नसेल तर दीड. त्याहून अधिक फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेले, की दातांपाठोपाठ सांधे आणि मणके धरतात, पाठ वाकते. ती कोणत्याही औषधाने पुन्हा सरळ होत नाही. ज्यांच्या ताटात दूधदुभते नाही, त्यांना हा मार अधिक. पाणी उकळणे हा उपाय नव्हे; आटल्याने प्रमाण उलट वाढते.

हे विष खडकातले आहे, हे खरे. पण त्याच्यापर्यंत आपणच पोहोचलो. उथळ विहिरी आणि तळी उपेक्षेने गाळात गेली व खोल कूपनलिका हाच विकास ठरला! नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी व चुना वापरून फ्लोराईड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत १९७०च्या दशकातच सिद्ध केली. ती स्वस्त आहे, मात्र रोज राबणारे हात मागते. घोडे अडते ते तेथेच.

कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या गावच्या शाळेतील पाण्याचा नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत भरून शासकीय प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.